सायकलवरून उतरल्यावर

रविवारी पहाटे साडेचार वाजता पुणं गाढ झोपेत असतं. गुलटेकडीचं मार्केट यार्ड मात्र तेव्हा ऐन भरात असतं. आठवड्यातली मोठी आवक रविवारची. राज्यातून आणि परराज्यांतून आलेले ट्रक रांगेनं उभे असतात, गाळ्यांवर दिवे जळत असतात, आणि त्या उजेडातून हमाल पाठीवर डाग घेऊन अर्धं चालत, अर्धं पळत जात असतात. बाजाराच्या भाषेत डाग म्हणजे माल भरलेली गोणी, पोतं, पेटी, काहीही. डाग पाठीवर असला की कुणी रेंगाळत नाही. उभं राहिलं की वजन जास्त वाटतं.

त्याच सुमाराला यार्डाबाहेरच्या रस्त्यांवरून लाल लुकलुकणारे दिवे लावलेल्या सायकली जाताना दिसतात. अरुंद टायर, हेल्मेट, पाठीच्या खिशात केळं. बिबवेवाडी, मुकुंदनगर, सॅलिसबरी पार्क अशा आसपासच्या भागांतून निघालेली ही मंडळी सातारा रस्ता पकडतात, कात्रज गाठतात, जुन्या घाटानं बोगद्यापर्यंत चढतात आणि परत फिरतात. परतल्यावर घरी जाऊन पोहे खावेत, तर तसं नाही. सायकल ओळखीच्या टपरीला टेकवायची, हेल्मेट काढायचं, बूट बदलायचे आणि तसंच, त्याच घामात, पळायला सुटायचं.

पहिले दोनशे मीटर बघण्यासारखे असतात. आत्ता पाच मिनिटांपूर्वी घाटातून वाऱ्यासारखा उतरलेला माणूस बैलगाडीतून दिवसभराचा प्रवास करून उतरल्यासारखा चालतो. गुडघे उचलत नाहीत, पाठ सरळ होत नाही, पोटऱ्या दुसऱ्याच कुणाच्या वाटतात. चहाच्या टपरीवर बसलेल्यांना हसू येतं, आणि त्यांचं काही चुकतही नाही.

या सायकल-मग-लगेच-पळणं प्रकाराला ट्रायथलॉनच्या जगात ‘ब्रिक’ म्हणतात. ब्रिक म्हणजे वीट. हे नाव कसं पडलं याच्या दोन-तीन कहाण्या सांगतात. कुणी म्हणतं पाय विटेसारखे जड होतात म्हणून, कुणी म्हणतं विटेवर वीट रचल्यासारखा एका व्यायामावर दुसरा रचायचा म्हणून, तर कुणी न्यूझीलंडच्या मॅट ब्रिक या खेळाडूच्या आडनावाकडे बोट दाखवतं. मराठी माणसाला मात्र कहाणीची गरज नाही. पहिल्यांदा करून पाहिलं की आपोआप वीट येतो.

प्रश्न असा की हा उद्योग माणसानं का सुरू केला? थकलेल्या पायांना आणखी थकवायचं, तेही हौसेनं, ही कल्पना आली कुठून? आणि ज्या शहरात एकेकाळी निम्मं गाव सायकलवर होतं, त्या शहराला ती आता शिकावी का लागते आहे?

नकाशानं ठरवलेला क्रम

आज ट्रायथलॉन म्हटलं की क्रम ठरलेला आहे: आधी पोहणं, मग सायकल, शेवटी पळणं. हा क्रम कुणा शास्त्रज्ञानं विचार करून लावला असेल असं वाटतं. तसं झालेलं नाही.

२५ सप्टेंबर १९७४ रोजी अमेरिकेत सॅन दिएगोच्या मिशन बे इथं जॅक जॉन्स्टन आणि डॉन शानाहन या दोघांनी एक गंमतीची शर्यत भरवली. दोघंही तिथल्या ट्रॅक क्लबचे. सेहेचाळीस जण उतरले. त्या दिवशी सुरुवात पळण्यानं झाली होती, पोहणं शेवटाकडे होतं. शर्यत संध्याकाळची होती. मागे राहिलेल्यांना अंधारानं गाठलं, तेव्हा किनाऱ्यावर गाड्या उभ्या करून त्यांच्या हेडलाइटचा उजेड पाण्यावर टाकावा लागला.

त्या सेहेचाळीस जणांत अमेरिकी नौदलाचे अधिकारी जॉन कॉलिन्स आणि त्यांची पत्नी ज्युडी हेही होते. पुढे त्यांची बदली हवाई बेटांवर झाली. तिथं एका रिले शर्यतीच्या बक्षीस समारंभात वाद रंगला: पळणारे जास्त दमदार की पोहणारे? कॉलिन्सनी तिसरंच पिल्लू सोडलं. बेल्जियमचा सायकलपटू एडी मर्क्स याची प्राणवायू वापरण्याची क्षमता कुणाहीपेक्षा जास्त नोंदली गेल्याचं त्यांनी वाचलं होतं. मग सायकलवाले का नकोत? वाद मिटवायला त्यांनी ओआहू बेटावरच्या तीन जुन्या शर्यती एका दिवसात जोडल्या: वायकिकीचं समुद्रातलं पोहणं, बेटाला प्रदक्षिणा घालणारी सायकल शर्यत आणि होनोलुलूची मॅरेथॉन.

क्रम इथं जुळला. बेटाची सायकल प्रदक्षिणा एरवी दोन दिवसांत करायची असे आणि ती ११५ मैलांची होती. कॉलिन्सच्या लक्षात आलं की तिच्यातले तीन मैल कापले आणि प्रदक्षिणा उलट्या दिशेनं घातली, तर पोहणं जिथं संपतं तिथून निघून मॅरेथॉन जिथं सुरू होते त्या अलोहा टॉवरपाशी बरोबर उतरता येतं. म्हणजे सायकलनंतर पळायचं, हे शरीरानं नव्हे तर बेटाच्या नकाशानं ठरवलं. १८ फेब्रुवारी १९७८ ला पंधरा जण निघाले, बारा जण पोचले. ३.८ किलोमीटर पोहणं, १८० किलोमीटर सायकल आणि ४२.२ किलोमीटर पळणं गॉर्डन हॅलरनं ११ तास ४६ मिनिटं ५८ सेकंदांत पूर्ण केलं. पहिला आयर्नमॅन तो. दुसरा आलेला जॉन डनबार पळण्याच्या टप्प्याच्या सुरुवातीला पुढे होता. पण त्याच्या मदतनीसांकडचं पाणी संपलं आणि त्यांनी त्याला बिअर पाजली.

त्या बारा जणांपुढे ब्रिकच्या सरावाचा असा कुठलाही ठरलेला तक्ता नव्हता. सायकलवरून उतरल्यावर पाय ऐकत नाहीत, हे त्यांना त्याच दिवशी रस्त्यावर पुरेपूर कळलं असणार.

पाय का ऐकत नाहीत

फेब्रुवारी १९८२ मध्ये ज्युली मॉस नावाची कॉलेजातली मुलगी आयर्नमॅनला उतरली. व्यायामाच्या शरीरशास्त्रावरच्या तिच्या प्रबंधाला माहिती हवी होती, इतकंच. ती बायकांमध्ये सर्वांत पुढे निघाली, आणि अंतिम रेषा अगदी समोर दिसत असताना तिचे पाय गळाले. पडली, उठली, पुन्हा पडली. शेवटचं अंतर ती रांगत गेली. कॅथलीन मॅकार्टनी तिला ओलांडून पुढे गेली आणि २९ सेकंदांनी जिंकली. अमेरिकी टीव्हीनं हे चित्रण दाखवलं आणि हा खेळ घराघरात पोचला. लोकांच्या लक्षात जिंकलेली राहिली नाही, रांगणारी राहिली.

१४ ऑक्टोबर १९८९ ला हवाईतच कोना इथं डेव्ह स्कॉट आणि मार्क ॲलन जवळपास दिवसभर खांद्याला खांदा लावून होते. सायकलवरूनही बरोबरच उतरले. त्यानंतर ॲलननं मॅरेथॉन २ तास ४० मिनिटांत मारली आणि तो अवघ्या ५८ सेकंदांनी जिंकला. याआधी सहा वेळा स्कॉट तिथं विजेता ठरला होता, आणि ॲलनला तिथं एकदाही जिंकता आलं नव्हतं. आठ तासांच्या शर्यतीचा निकाल सायकल ठेवल्यानंतर लागतो, हे त्या दिवशी सगळ्यांना दिसलं.

पुढे १९९५ पासून वरच्या दर्जाच्या छोट्या अंतराच्या शर्यतींत दुसऱ्याच्या मागे राहून वारा चुकवायला, म्हणजे ड्राफ्टिंगला, परवानगी मिळाली. सगळे सायकलपटू घोळक्यानं एकत्र पोचू लागले आणि पळण्याचं वजन आणखी वाढलं. २००० च्या सिडनी ऑलिंपिकमध्ये ट्रायथलॉन पहिल्यांदा आलं: दीड किलोमीटर पोहणं, ४० किलोमीटर सायकल, १० किलोमीटर पळणं. पुरुषांत कॅनडाचा सायमन व्हिटफील्ड सायकलच्या टप्प्यात एका अपघातात अडकून मागे पडला होता. सोनं त्यानं पळून मिळवलं.

त्याच वर्षी ग्रेगॉर मिले आणि व्हेरोनिका व्लेक या संशोधकांनी ‘ब्रिटिश जर्नल ऑफ स्पोर्ट्स मेडिसिन’मध्ये सायकलकडून पळण्याकडे जाताना शरीराचं काय होतं, याचा आढावा घेतला. दोन वर्षांनी गॉटशॉल आणि पामर यांनी आणखी एक मजेची गोष्ट दाखवली. सायकलवर पायडल भरभर मारणारे खेळाडू उतरल्यावर पळतातही भरभर. त्यांची ढांग लांबत नाही, पावलं जलद पडतात. पायांना मघाचीच लय लागून राहिलेली असते.

सोप्या भाषेत मांडायचं तर असं. सायकलवर तुमचं वजन सीटनं उचललेलं असतं, पाय फक्त ढकलायचं काम करतात. मांडीचे स्नायू आखडत जोर लावतात. पळताना प्रत्येक पावलाला जमिनीकडून वजनाच्या दोन-तीन पट दणका येतो आणि तेच स्नायू लांबत असताना तो झेलावा लागतो. शिवाय तास-दीड तास तुम्ही कमरेत वाकून बसलेले असता. त्यामुळे कमरेपुढचे स्नायू आखडलेले, पाठ धरलेली. आणि मेंदू अजून पायडलच मारत असतो. भरीला एक फसवणूकही होते: ताशी तीस किलोमीटरनं आल्यावर ताशी बारा म्हणजे गोगलगाय वाटते, म्हणून माणूस नकळत जास्त वेगानं सुटतो आणि तिसऱ्या किलोमीटरला किंमत मोजतो.

यावर गोळी नाही. सवय हाच उपाय. ब्रिक म्हणजे शरीराला ती सवय लावणं. मराठीत त्यासाठी एक नेमका शब्द आधीपासून आहे: अंगवळणी पडणं.

पुण्याच्या अंगवळणी

पुणं सायकलींचं शहर होतं हे वाक्य इतक्यांदा ऐकलंय की ते आता खोटं वाटतं. पण ते खरं होतं. खडकीच्या दारूगोळा कारखान्याची पाळी सुटली की रस्ता सायकलींनी भरून जायचा. पिंपरीला १९५४ मध्ये हिंदुस्थान अँटिबायोटिक्स आली, पाठोपाठ इतर कारखाने आले, आणि पेठांमधून, कसब्यातून, रास्त्यांच्या वाड्यापासून लोक डबा हँडलला अडकवून तिकडे जाऊ लागले. सायकलला नगरपालिकेचा बिल्ला लागे. रात्री दिवा नसला की पोलिस धरे, डबलसीट दिसलं तरी धरे. ज्याच्याकडे सायकल नाही त्यानं ती तासाच्या भाड्यानं घ्यायची. पोरं कैची मारत, सीटवर न बसता, शिकायची. हा काळ आज कर्वेनगरच्या विक्रम पेंडसे सायकल संग्रहालयात काचेमागे आणि भिंतींवर बघायला मिळतो.

या शहरात ब्रिक रोज होत होती, फक्त तिला नाव नव्हतं. पेपरची लाइन टाकणारं पोरगं आठवा. पहाटे पुठ्ठ्यानं बांधलेला गठ्ठा कॅरियरला, वाड्यापाशी सायकल भिंतीला लावायची, दोन-दोन पायऱ्या गाळत तिसऱ्या मजल्यावर पळायचं, कडीत पेपर अडकवायचा, खाली येऊन पुन्हा सायकल, पुढचा वाडा. अशी शंभर-सव्वाशे घरं आणि मग सातची शाळा. दूधवाल्याचं तेच, पोस्टमनचं तेच. आज कोच ज्याला ‘रिपीट ब्रिक’ म्हणतात, म्हणजे थोडी सायकल, थोडं पळणं, पुन्हा सायकल, ते यापेक्षा वेगळं नाही. कामगारही दहा-बारा किलोमीटर सायकल मारून यायचा आणि उतरल्याबरोबर आठ तास मशीनपुढे उभा राहायचा. पाय जड झाले म्हणून कुणी त्याला गरम होऊ द्यायचं थांबत नव्हतं.

मग १९७२ साल आलं. आकुर्डीच्या बजाजनं चेतक स्कूटर आणली, आणि त्याच वर्षी पुण्याच्याच कायनेटिकची लूना आली. दोन्ही इथल्याच. लूना तर अर्धी सायकलच होती, तिला चक्क पायडल होते. इंजिन बंद पडलं तर मारा पायडल. पण हळूहळू पायडल मारायची वेळ येईनाशी झाली आणि मग पायडलच गेले. घाम वाचला, वेळ वाचला, लांबची नोकरी जवळ आली, बायका स्वतःच्या गाडीवर फिरू लागल्या. हे सगळं हवंच होतं. गंमत फक्त सालांची आहे. पुण्यानं सायकलवरून उतरायला सुरुवात केली आणि दोनच वर्षांनी मिशन बेला कुणीतरी सायकल, पळणं आणि पोहणं एकत्र बांधून त्याचा खेळ केला. जे आमच्या अंगवळणी होतं ते आम्ही सोडलं, आणि काही दशकांनी तेच घड्याळ, हेल्मेट आणि फीसकट परत घेतलं.

शहरानं सायकल परत आणायचा प्रयत्न केला नाही असं नाही. २००६ च्या अखेरीस स्वारगेट-कात्रज मार्गावर बीआरटी सुरू झाली, तेव्हा तिच्यासोबत सायकल ट्रॅकही आखले गेले. मार्केट यार्डाला लागून जाणारा सातारा रस्ता तोच. २०१७ मध्ये महापालिकेनं शहराचा सायकल आराखडा मंजूर केला. पुढे भाड्याच्या रंगीत सायकली कोपऱ्याकोपऱ्यावर दिसल्या आणि दिसेनाशाही झाल्या. आजही रविवारी पहाटे सरावाला निघालेला सायकलपटू ट्रॅक सोडून मुख्य रस्त्यावरूनच जातो, कारण ट्रॅक सलग मिळत नाही.

परत आलेली सायकल

जुलै २०१५ मध्ये मिलिंद सोमण यांनी पन्नाशीत झुरिकची आयर्नमॅन १५ तास १९ मिनिटांत पूर्ण केली. ते मुळात राष्ट्रीय विजेते जलतरणपटू, पण महाराष्ट्र त्यांना ओळखत होता तो मॉडेल आणि नट म्हणून. त्या बातमीनं ‘आयर्नमॅन’ हा शब्द कॉमिकमधून बाहेर येऊन मराठी घरांत शिरला. पुण्याचे कौस्तुभ राडकर, तेही मूळचे जलतरणपटू, त्याच्या कितीतरी आधीपासून या शर्यती करत होते. वीसहून अधिक पूर्ण आयर्नमॅन त्यांच्या नावावर आहेत, आणि कोच म्हणून त्यांनी अनेकांना या वाटेला लावलं.

२० ऑक्टोबर २०१९ ला पणजीच्या मिरामार किनाऱ्यावर भारतातली पहिली ‘आयर्नमॅन ७०.३’ झाली. म्हणजे अर्धं अंतर: १.९ किलोमीटर पोहणं, ९० किलोमीटर सायकल, २१.१ किलोमीटर पळणं. व्हिसा नको, विमानात सायकलचा खोका नको. रात्रीच्या गाडीनं गोवा गाठता येतो. पुणे, मुंबई, कोल्हापूर, नाशिककडच्या लोकांना शर्यत दाराशी आली. पण ऑक्टोबरचा गोवा म्हणजे दमट उकाडा. सायकलवर निदान वारा लागतो. उतरलं की तोही जातो, आणि डोक्यावर ऊन चढलेलं असतं. तिथं ब्रिकचा सराव केलेला आणि न केलेला माणूस पहिल्या किलोमीटरलाच ओळखू येतो.

म्हणून मार्केट यार्डाच्या आसपासची ती पहाटेची मंडळी. त्यांच्याकडून किंवा त्यांच्या कोचकडून ऐकलेली रीत साधारण अशी असते. नवख्यानं तासभर सायकल आणि मग फक्त दहा मिनिटं पळणं. त्यातली पहिली दोन मिनिटं भरभर चाललं तरी चालतं. आठवड्यातून एकदा पुरे. सायकलची शेवटची पाच मिनिटं हलका गिअर टाकून पायडल भरभर मारायचे, दोन-चार वेळा सीटवरून उठून पाठ आणि कंबर मोकळी करायची. उतरल्यावर पावलं छोटी आणि जलद, वेग मुद्दाम कमी. बूट आधीच उघडून ठेवायचे, नाडीच्या जागी ताणणारी लवचीक नाडी. घाट उतरताना शर्यत नाही, आणि यार्डाजवळ रस्त्यावर सांडलेला पाला, ओली साल आणि अचानक वळणारा टेम्पो यांच्याकडे लक्ष. पूर्ण आयर्नमॅनची तयारी असली तरी चार-पाच तासांच्या सायकलनंतर अर्धा-पाऊण तास पळलं की झालं. त्याहून जास्त पळून मिळतं थोडं आणि मोडतं जास्त.

या शेवटच्या वाक्यात सगळा सराव आहे. भार हळूहळू वाढवायचा, मध्ये विसावा द्यायचा, दुखलं तर थांबायचं. विसाव्यात शरीर घडतं. उपाशी पोटी हे करायचं नाही. हे आज ॲपही सांगतं.

यार्डाच्या आत

आता रस्ता ओलांडून आत यार्डात जाऊ. कारण थकलेल्या पायांवर आणखी किती भार घालायचा, या प्रश्नाचा पुण्यातला जुना आणि मोठा इतिहास तिथं आहे.

पुण्याचा धान्य-गुळाचा घाऊक बाजार पूर्वी नाना आणि भवानी पेठेत होता, भाजीचा महात्मा फुले मंडईत. गेल्या शतकाच्या उत्तरार्धात तो गुलटेकडीला आला. जागा बदलली तरी माल उचलणारी पाठ तीच होती. धान्याचं पोतं क्विंटलचं असे. शंभर किलो. ते ट्रकमधून पाठीवर घ्यायचं, गाळ्यात नेऊन थप्पीला लावायचं, आणि मोकळ्या पाठीनं परत फिरायचं. दिवसभर. यात विसावा मालाच्या सोयीनं मिळायचा, शरीराच्या नाही. हप्त्याहप्त्यानं वाढणारा भार नव्हता, पहिल्या दिवसापासून शंभर किलोच. मणके झिजले, गुडघे गेले, की त्या माणसाचा सराव कायमचा संपायचा आणि त्याबरोबर मजुरीही.

बाबा आढाव या तरुण डॉक्टरनं पन्नासच्या दशकात या माणसांना घेऊन हमाल पंचायत उभी केली. हमाल म्हणजे कुणाचाच नोकर नाही, त्यामुळे कामगार कायदे त्याला लागू नाहीत, अशी तेव्हाची स्थिती होती. तिकडे मुंबईत अण्णासाहेब पाटील माथाडींना संघटित करत होते. अशा लढ्यांमधून १९६९ मध्ये महाराष्ट्राचा माथाडी कायदा झाला. डोक्या-पाठीवर ओझं वाहणाऱ्या माणसाची मंडळाकडे नोंद, मंडळामार्फत मजुरी, भविष्यनिर्वाह निधी. असंघटित कामगारांसाठी असा कायदा देशात तेव्हा नवलाचा होता.

पण मजुरीइतकाच प्रश्न वजनाचा होता. १९६७ मध्ये आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेनं एका माणसानं किती ओझं उचलावं यावर ठराव केला आणि सोबतच्या शिफारशीत प्रौढ पुरुषासाठी ५५ किलोची मर्यादा सांगितली. इथल्या हमालांनी ५० किलोच्या वरची गोणी नको, हा आग्रह धरला. आज बाजारात ५० किलोचं पोतं सर्रास दिसतं, त्यामागे शंभर किलो उचलणाऱ्या पिढीचे झिजलेले मणके आहेत.

आणि पोटाचं काय? १९७४ मध्ये, म्हणजे मिशन बेच्या त्या शर्यतीच्याच वर्षी, हमाल पंचायतीनं ‘कष्टाची भाकर’ सुरू केली. ना नफा तत्त्वावर भाकरी, झुणका, भाजी. जो अंगमेहनत करतो त्याला स्वस्त आणि पोटभर खायला मिळालं पाहिजे, एवढा साधा विचार. ट्रायथलॉनमध्ये आज खाण्याला चौथा खेळ म्हणतात, आणि दर पाऊण तासाला काय खायचं याचे तक्ते केले जातात. कष्ट करणाऱ्या शरीराला इंधन लागतं, हे एकाच वर्षी जगाच्या दोन टोकांना असलेल्या माणसांना ठाऊक होतं. एका टोकाला त्याचा खेळ झाला, दुसऱ्या टोकाला त्याची भाकरी.

हे शेजारी-शेजारी ठेवलं की मन जरा अवघडतं. हमालाचं काम हा काही व्यायाम नाही, आणि तो बघून ‘काय फिटनेस आहे’ म्हणणं हा त्याचा अपमान आहे. तसंच हौशी खेळाडूची चेष्टा करायचंही कारण नाही. दिवसभर खुर्चीत बसणाऱ्या माणसानं पहाटे उठून कात्रज चढावा आणि वर पळावं, यात वाईट काय? पण दोघांत फरक आहे, आणि तो ताकदीचा नाही. सायकलवरून उतरलेला माणूस ‘आज पाय ठीक नाहीत, पाच मिनिटांत थांबतो’ असं म्हणू शकतो. त्याचा कोच त्याला शाबासकीच देईल. यार्डातल्या माणसाला हे वाक्य म्हणता यावं यासाठी संघटना बांधावी लागली, मोर्चे काढावे लागले, कायदा करून घ्यावा लागला. सरावाच्या पुस्तकात एका ओळीत येणारी गोष्ट, की भाराला मर्यादा हवी आणि विसावा हा कामाचाच भाग आहे, मिळवायला त्या माणसांची हयात गेली.

म्हणून ब्रिक करणाऱ्यानं यार्डाकडून शिकावं ते धैर्य-बिर्य नव्हे, हिशेब. दुखणाऱ्या गुडघ्यावर हट्टानं पळून सोशल मीडियावर फोटो टाकणारे पुष्कळ आहेत. ज्यांना थांबायची मुभा आहे त्यांनी ती वापरावी. ती सगळ्यांना फुकट मिळालेली नाही.

सकाळी साडेआठच्या सुमाराला बाहेरचा रस्ता तापू लागतो. दहा मिनिटं पळून झालेला माणूस टपरीपाशी परत येतो, वाकून गुडघ्यांवर हात टेकतो, आणि चहा सांगतो. बाकावर आधीच एक हमाल बसलेला असतो, रात्रभराचं काम उरकून, डोक्याला बांधलेलं फडकं मांडीवर घेऊन. तो सरकून जागा करून देतो. पळून आलेला बसताना कण्हतो. हमाल त्याच्या पायांकडे बघतो आणि विचारतो, कुठवर गेला होता? कात्रज, तो सांगतो. घाट चढून? हो. आणि मग पळाला? हो. हमाल क्षणभर विचार करतो. मग म्हणतो, पाय वर घेऊन बसा जरा, बरं वाटेल.